क्लेरिक-विझर्डचा हिशेब: दोन जादूंच्या मल्टिक्लासची पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ५ लेव्हल क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारा) आणि ५ लेव्हल विझर्ड (पोथीतून मंत्र शिकलेला) असलेल्या पात्राकडे पाचव्या पातळीचे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, असतात, पण पाचव्या पातळीचा एकही मंत्र नसतो. पहिल्यांदा मल्टिक्लास करणाऱ्याला, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास (पेशे) जोडणाऱ्याला, ही छपाईतली चूकच वाटते. प्रत्यक्षात ही जाणूनबुजून केलेली तडजोड आहे, आणि तिच्यामागे चाळीस वर्षांचे फसलेले प्रयोग आहेत.

आधी शब्दांचं बघू. इंग्रजीत पात्राची लेव्हल आणि मंत्राची लेव्हल यांना एकच शब्द आहे, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये कबूल केलं होतं की मंत्र, पात्र आणि राक्षस यांच्यासाठी वेगळे शब्द वापरायचा विचार झाला होता. पण ‘लेव्हल’ रुळलेला होता, तोच राहिला. आपल्याला ती अडचण नाही. इथे पात्राची ती लेव्हल आणि मंत्राची ती पातळी.

१९७४च्या मूळ खेळात क्लास तीनच होते: लढवय्या, मॅजिक-यूझर (नंतरचा विझर्ड) आणि क्लेरिक. एल्फ वंशाच्या पात्राला एका मोहिमेत लढवय्या आणि पुढच्या मोहिमेत मॅजिक-यूझर होता येई, मोहीम चालू असताना मात्र बदल नाही. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीने मिळालेला अनुभव, म्हणजे एक्सपी, दोन क्लासांत वाटून द्यायची पद्धत आणली आणि १९७८च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीने ती पक्की केली. ही सोय माणसांना नव्हती. हाफ-एल्फला क्लेरिक/मॅजिक-यूझर होता येई, नोमला क्लेरिक नव्हे तर दुसऱ्या काही जोड्या मिळत. माणसाला ड्युअल-क्लास: पहिला क्लास कायमचा थांबवायचा आणि दुसरा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (बुद्धी, ताकद यांसारख्या क्षमतेत) किमान १५ आणि नव्याच्या गुणात १७ हवेत. फाशांच्या नशिबावर हे जमणं दुर्मीळच. नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर दंड. दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) तो असा होता: त्या चकमकीचे एक्सपी शून्य, आणि त्या मोहिमेचे निम्मे.

वाटून घेण्याची पद्धत ऐकायला महाग वाटते. पण दुसऱ्या आवृत्तीचे तक्ते काढून बघा. ८०,००० एक्सपी मिळवलेला निव्वळ विझर्ड ७ लेव्हलला असतो (६०,००० ओलांडले, ९०,०००ला आठवी). निव्वळ क्लेरिकही ७ला. तेवढ्याच एक्सपीत हाफ-एल्फ क्लेरिक/विझर्डच्या वाट्याला प्रत्येकी ४०,००० येतात आणि तो दोन्हीकडे ६ लेव्हलला पोचतो. म्हणजे एका लेव्हलच्या बदल्यात दुसरा अख्खा क्लास! कारण सरळ आहे: सुरुवातीच्या टप्प्यात पुढच्या लेव्हलची किंमत जवळजवळ दुप्पट होत जाते, म्हणून निम्मे एक्सपी गमावले तरी सुमारे एकच पायरी हुकते. हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) दोन्ही क्लासांची सरासरी काढून मिळत, ते थोडे कमी पडत. पण हे इतकं स्वस्त पडू नये म्हणून लेखकांनी दुसरीकडे कुंपणं घातली. पहिल्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत हाफ-एल्फ क्लेरिक ५ लेव्हलच्या पुढे जाऊच शकत नसे. दुसरीत चिलखत घालून विझर्डी मंत्र टाकायचा तर एल्फी साखळी-चिलखतच हवं. मोहीम लांबली की लेव्हलची मर्यादा टोचायची, आणि छोट्या मोहिमेत ती कधी लागूच व्हायची नाही. संतुलनाचं हे साधन कच्चंच होतं.

१९९७मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने खेळाची प्रकाशक टीएसआर विकत घेतली, आणि २०००मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मर्यादा आणि वंशाची अट दोन्ही काढून टाकल्या. एक्सपीचा तक्ता सगळ्यांना एकच. दर लेव्हलला हवा तो क्लास घ्या. लढवय्या आणि चोर यांना हे उत्तम जमलं, कारण त्यांचे हल्ल्याचे बोनस नुसते बेरजेने एकत्र येतात. मंत्रवाल्यांचं मात्र वाटोळं झालं. आता प्रत्येक लेव्हल सारखी मोजली जात होती, पण मंत्रांची ताकद सारख्या पावलांनी वाढत नाही. पाचव्या पातळीचा एक मंत्र तिसऱ्या पातळीच्या दोन मंत्रांनी भरून निघत नाही. शिवाय मंत्राचा जोर ज्यावर ठरतो ती कास्टर लेव्हल प्रत्येक क्लासची वेगळी.

आपलं ५/५चं पात्र इथे ठेवून पाहा. एकूण लेव्हल १०. फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा आगीचा मंत्र टाकला तर इजेचे ५ फासे, शेजारच्या निव्वळ विझर्डचे १०. समोरच्या राक्षसाचा मंत्ररोध (मंत्र अडवायचा आकडा, जो फासा अधिक कास्टर लेव्हलने गाठायचा) २० असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर याला १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३० टक्के. विझर्डला १० पुरतात, ५५ टक्के. त्यात मंत्र टाळण्याची अवघडता मंत्राच्या पातळीवर ठरते, आणि याचे मंत्र तिसऱ्या पातळीशीच थांबलेले. तीन ठिकाणी एकदम मार. दोन्ही झोळ्या भरलेल्या, पण त्यातलं काहीच लागू पडत नाही.

दुरुस्ती ठिगळांनी झाली. २००३च्या सुधारित डंजन मास्टर्स गाइडमध्ये मिस्टिक थिअर्ज हा प्रेस्टिज क्लास (अटी पूर्ण केल्यावरच मिळणारा क्लास) आला: दोन्ही बाजूंचे दुसऱ्या पातळीचे मंत्र येत असतील, तर पुढच्या प्रत्येक लेव्हलला दोन्हीकडे एकेक लेव्हलचे मंत्र वाढतात. सरळ वाट म्हणजे क्लेरिक ३, विझर्ड ३, मग थिअर्ज १०. १६ लेव्हलला दोन्हीकडे १३ भरतात आणि सातव्या पातळीचे मंत्र मिळतात. निव्वळ विझर्डकडे तेव्हा आठव्या पातळीचे असतात. कागदावर हे झकास दिसतं. पण लेव्हल ४ ते ६ हा पट्टा जीवघेणा असतो: साथीदार फायरबॉल टाकतात तेव्हा हा दुसऱ्या पातळीवर अडकलेला. बऱ्याच मोहिमा तिथवर पोचण्याआधीच संपतात, हे नियम लिहिणाऱ्यांनी कितपत धरलं होतं कोण जाणे. २००४मध्ये प्रॅक्टिस्ड स्पेलकास्टर हा फीट, म्हणजे पात्राला निवडता येणारी खास क्षमता, आला. एकूण लेव्हलच्या आत राहून एका क्लासची कास्टर लेव्हल ४ने वाढते. फायरबॉलचे फासे वाढले, मंत्ररोध भेदता आला, पण नव्या पातळीचे मंत्र मिळाले नाहीतच.

चौथ्या आवृत्तीने (२००८) प्रश्नच उडवला. क्लेरिकने एक फीट घेतला की विझर्डची एक छोटी शक्ती दर चकमकीत एकदा मिळे. आणखी हवं तर आणखी फीट. पात्र बिघडत नसे, पण दोन विद्यांचा माणूस खेळतोय असं वाटतही नसे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत खरी कल्पना आली: स्लॉट आणि मंत्र यांचे हिशेब वेगळे करा. स्लॉट सामाईक. क्लेरिक, विझर्ड, ड्रुइड, बार्ड, सॉर्सरर यांच्या सगळ्या लेव्हल धरायच्या. पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या. एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टर या लढवय्या आणि चोर यांच्या मंत्र येणाऱ्या सबक्लासांच्या (उपप्रकारांच्या) एक तृतीयांश, अपूर्णांक सोडून. तक्त्यात त्या बेरजेच्या ओळीतले स्लॉट तुमचे. ५ अधिक ५ म्हणजे १०व्या ओळीतले, पहिल्या ते पाचव्या पातळीचे अनुक्रमे ४, ३, ३, ३, २. मंत्र मात्र प्रत्येक क्लास एकटाच असल्यासारखे निवडायचे, म्हणून दोन्हीकडे तिसऱ्या पातळीपर्यंतच. वरच्या स्लॉटमध्ये खालचे मंत्र जोराने टाकायचे: पाचव्या पातळीच्या स्लॉटमधून फायरबॉलचे १० फासे पडतात, नेमके तेच जे तिसऱ्या आवृत्तीत हातचे गेले होते. अवघडताही एकूण लेव्हलच्या बोनसवर ठरते, मंत्राच्या पातळीवर नाही.

टेबलावर चूक होते ती इथेच. चौथ्या पातळीचा स्लॉट आहे म्हणून विझर्ड चौथ्या पातळीचा मंत्र पोथीत उतरवू पाहतो. तसं करता येत नाही. दोन्ही क्लासांसाठी मुख्य गुण किमान १३ हवेत, आणि क्लेरिकचे मंत्र विज्डमवर, विझर्डचे इंटेलिजन्सवर चालत असल्याने दोन्हीकडे जोर लावावा लागतो. गुण वाढवायची संधी क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते, म्हणून ३/३ला थांबलेल्याला ती सहाव्या लेव्हललाही मिळालेली नसते. वॉरलॉक या आणखी एका मंत्रवाल्या क्लासचे स्लॉट या बेरजेत येत नाहीत.

२०२४च्या सुधारणेत पॅलाडिन आणि रेंजरचा अर्धा भाग वरच्या आकड्याला नेला गेला आणि सबक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळू लागला. पहिल्या लेव्हलचा डोमेन (क्लेरिकचा सबक्लास) घेऊन पळ काढणाऱ्यांची वाट त्याने बंद होईल असा अंदाज होता. पण क्लेरिकला पहिल्याच लेव्हलला प्रोटेक्टर हा पर्याय मिळाला, आणि त्यात जड चिलखत येतं. चिलखताचं प्रशिक्षण असलं की विझर्डी मंत्रांना अडथळा नाही. त्यामुळे एक लेव्हल क्लेरिक करून पूर्ण प्लेट घातलेला विझर्ड आजही शक्य आहे; स्ट्रेंग्थ १५ नसेल तर वेग १० फूट कमी होतो, आणि फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला हाती येतो.