सोनोग्राफीच्या तीन तारखांपैकी खरी कोणती?

गरोदर बाईच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे तीन रिपोर्ट असले, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखाही बहुधा तीन असतात. पहिल्या रिपोर्टात ४ फेब्रुवारी, दुसऱ्यात ८ फेब्रुवारी आणि नवव्या महिन्यातल्या तिसऱ्या रिपोर्टात थेट १८ फेब्रुवारी अशी तारीख पाहून घरची माणसे गोंधळतात आणि शेवटचा रिपोर्ट सर्वांत ताजा, म्हणून तोच सर्वांत खरा, असा निष्कर्ष काढतात. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे, आणि ती तशी का आहे हे समजून घेणे बाळाच्या सुरक्षिततेसाठी फार महत्त्वाचे आहे.

मोजणीची सुरुवात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. खानदेशात पुष्कळ बायका हा दिवस सणावरून सांगतात: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी, कानबाईच्या दोन दिवस आधी, पोळ्यानंतर चौथ्या दिवशी. ही खूण चांगलीच आहे. मात्र आशाताईंनी ती त्याच वेळी इंग्रजी तारखेत लिहून घ्यायला हवी, कारण सण दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. समजा, पाळी २०२५ च्या आखाजीला, म्हणजे ३० एप्रिलला आली. त्यात २८० दिवस मिळवले की ४ फेब्रुवारी २०२६ ही तारीख मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने रूढ झालेला ‘तीन महिने मागे, सात दिवस पुढे’ हा नियमही जवळजवळ हेच उत्तर देतो. महिन्यांचे दिवस कमीजास्त असल्यामुळे या उदाहरणात तो ६ फेब्रुवारी सांगतो. गर्भधारणा साधारणपणे पाळीनंतर दोन आठवड्यांनी होत असल्याने बाळाचे प्रत्यक्ष वय यापेक्षा १४ दिवसांनी कमी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी सुमारे २६६ दिवस असते, आणि नऊ चांद्रमासांचे दिवसही तितकेच भरतात.

हा हिशेब २८ दिवसांची नियमित पाळी गृहीत धरतो. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज सुमारे एक आठवडा उशिरा सुटते आणि तारीखही तितकीच पुढे जाते. अंगावर दूध पिणारे मूल असताना, पाळी पुन्हा सुरू होण्याआधीच दिवस गेले, तर मोजायला पाळीच नसते. धडगाव-अक्कलकुव्याकडून मजुरीसाठी गुजरातेत गेलेली बाई चार-पाच महिन्यांनी परतते, तेव्हा तिला नेमका दिवस आठवत नाही. अशा वेळी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी उपयोगी पडते.

सोनोग्राफीचे यंत्र वय मोजत नाही, ते अंतर मोजते. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. ५ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम ६५ भाग लागतात, आणि या वेळेवरून यंत्र अंतर काढते. ग्लासगो येथे इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये हे तंत्र प्रसूतिशास्त्रात आणले. तिथेच १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी दाखवून दिले की गर्भाच्या डोक्याच्या टोकापासून बैठकीपर्यंतची लांबी, जिला रिपोर्टात सीआरएल म्हणतात, सुरुवातीच्या आठवड्यांत वयाशी अतिशय घट्ट बांधलेली असते. ती आठव्या आठवड्यात सुमारे १६ मिलिमीटर, दहाव्यात ३२ आणि बाराव्यात ५४ मिलिमीटरच्या आसपास भरते.

हे इतके नेमके का जुळते? एक तर या काळात वाढीचा वेग मोठा असतो. दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढणाऱ्या गर्भाच्या मापात दोन मिलिमीटरची चूक झाली, तरी तारीख एक-दोन दिवसांनीच हलते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की या आठवड्यांत आईबाप उंच आहेत की बुटके, आईचे पोषण कसे आहे, वार (गर्भाशयात बाळाला नाळेवाटे पोसणारा अवयव) किती रक्त पुरवते, यांचा परिणाम अजून फारसा दिसू लागलेला नसतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे टिश्यू कल्चरच्या केळीवरून कळेल: लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सगळी रोपे सारखी दिसतात, घडांच्या वजनातला फरक पुढे पाणी आणि खताप्रमाणे पडतो. म्हणूनच पहिल्या तिमाहीतल्या मापावरून वय ५ ते ७ दिवसांच्या फरकाने सांगता येते, आणि २८ आठवड्यांनंतर तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. ३६ व्या आठवड्याच्या सुमारास डोक्याची रुंदी आठवड्याला दोनेक मिलिमीटरच वाढते, त्यामुळे मापातली दोन मिलिमीटरची चूक म्हणजे आठवडाभराची चूक ठरते.

आता तिसऱ्या रिपोर्टाकडे पाहू. पहिल्या सोनोग्राफीनुसार ३६ आठवडे पूर्ण झालेले असताना यंत्र ‘३४ आठवडे’ दाखवते. याचा अर्थ बाळ दोन आठवड्यांनी लहान वयाचे आहे असा नाही. त्याचा आकार ३४ आठवड्यांच्या सरासरी बाळाएवढा आहे, इतकेच यंत्राने तक्त्यावरून सांगितले. ते बाळ मुळातच लहान चणीचे असू शकते, किंवा वारेतून पुरेसा पुरवठा न झाल्याने त्याची वाढ खुंटलेली असू शकते. तारीख पुढे ढकलली की हा प्रश्नच पुसला जातो आणि खुंटलेले बाळ कागदावर अगदी निरोगी ठरते. मला सर्वांत धोकादायक वाटते ती हीच चूक. तारीख सुरुवातीला एकदा ठरवायची, नंतरची सर्व मापे तिच्याशी ताडून पाहायची, आणि शंका आल्यास डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी) तपासणी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माप घेऊन वाढीचा वेग बघायचा, ही योग्य पद्धत आहे.

सोनोग्राफी दूर असेल तिथे शिवणकामाच्या फितीसारखी साधी फीत मोठे काम करते. गर्भाशयाचा वरचा काठ विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीशी येतो, आणि त्यानंतर ओटीपोटाच्या तळाशी समोर लागणाऱ्या हाडापासून या काठापर्यंतचे सेंटिमीटर ढोबळमानाने आठवड्यांइतके भरतात. तीन सेंटिमीटरहून जास्त तफावत आली की पुढची तपासणी करायची. ही नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीत व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणारी मोफत तपासणी त्यासाठीच आहे. तिथेच हिमोग्लोबिनही पाहिले जाते, आणि सातपुड्यातल्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही तितकीच आवश्यक आहे.

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत अजूनही ऐकू येते. ती पूर्णपणे चुकीची आहे: पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक अकाली जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता वाढते. याच कारणाने, वैद्यकीय गरज नसताना मुहूर्त साधण्यासाठी ३९ आठवड्यांआधी सिझेरियन करवून घेणे बाळाच्या फुप्फुसांवर अन्याय करणारे आहे.

ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंत केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, म्हणून ४ फेब्रुवारी उलटली एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र ४१ आठवडे पूर्ण झाले, म्हणजे या उदाहरणात ११ फेब्रुवारी आली, की वारेची कार्यक्षमता घटण्याचा धोका वाढत जातो. तेव्हा बाळाच्या ठोक्यांची आणि गर्भजलाची तपासणी करून डॉक्टर कळा सुरू करण्याचा विचार करतात. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.