सायकलवरून आलेल्या कामगाराला आधी दहा मिनिटे पंखा द्या

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. बाकीच्याची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला साधारण ७० वॉट लागतात, म्हणजे त्याच वेळी अंगात २०० वॉटहून अधिक उष्णता तयार होत असते. चालत्या सायकलवर वारा लागतो, घाम लगेच सुकतो. कारखान्याच्या फाटकाशी थांबले की वारा बंद, पण अंगातली उष्णता आणखी काही मिनिटे बाहेर पडतच राहते. घामाच्या धारा लागतात त्या तेव्हा. बेळगावच्या पावसाळी दमट हवेत तो सुकतही नाही. अशा अंगाने थेट हजेरी लावून मशीनवर उभे राहायचे असेल, तर माणूस मोटारसायकलच काढणार.

म्हणून उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतल्या कारखानदारांनी सायकलने येणाऱ्यांना बक्षिसे जाहीर करण्याआधी एक मोठा पंखा, दोन नळ आणि कपडे बदलायला आडोसा द्यावा. गणवेश कारखान्यातच ठेवता येईल असा कप्पा हवा. पाच मिनिटे उशिराला अर्धा दिवस कापण्याचा नियमही सैल करावा, कारण हवेचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: ताशी १५ वरून २० किलोमीटरवर गेले की ती जवळजवळ २.४ पट होते. घाई केली की घाम वाढतोच. शेवटचा किलोमीटर हळू चालवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय.

अनगोळ, मजगाव, पिरनवाडी इथून उद्यमबाग सायकलच्या टप्प्यात आहे. पाच किलोमीटरला वीस मिनिटे धरली, तर जाऊन-येऊन सहा दिवसांत २४० मिनिटे व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या पाहणीत सायकलने कामाला येणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा वर्षाला सरासरी एका दिवसाहून अधिक कमी आढळल्या. मुळात तंदुरुस्त असलेलेच सायकल निवडतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तरी पाळीचे वेळापत्रक सांभाळणाऱ्याला हा दिवस मोलाचा आहे. कामगाराचा फायदा सरळ आहे: लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीवर रोजचे १० किलोमीटर म्हणजे २६ दिवसांत पाच लिटरहून अधिक पेट्रोल.

सायकली लावायचे स्टँड विकत आणू नका, आपल्याच शेडमध्ये पाइप वाकवून करा. पुढचे चाक खाचेत अडकवायचे स्टँड वाईट: सायकल कलंडली की सगळा भार रिमवर येतो आणि चाकाला आऊट येतो, म्हणजे ते वाकडे फिरते. ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप उलट्या यू आकारात, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच, दोन स्टँडमध्ये एक मीटर अंतर. एका स्टँडला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात, आणि फ्रेमसकट चाकाला कुलूप घालता येते. वर पत्रा हवाच.

पावसाचा खरा धोका ब्रेकचा. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की रबर घसरते आणि सायकल कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबते. वळणाआधी ब्रेक हलके दाबत राहावे, पाणी पुसले जाते. तांबड्या मातीचा चिखल साखळीत दळला जाऊन दाते झिजवतो, म्हणून स्टँडजवळ पाण्याचा नळ, हातपंप आणि तेलाची बुधली ठेवावी. आधी चिखल धुवा, फडक्याने कोरडे करा, मगच तेल. चिखलावर तेल घातले तर त्याची दाते घासणारी पॉलिश पेस्ट होते.

फाउंड्रीत वितळलेले लोखंड ओतणाऱ्या माणसांवर मात्र सायकलची सक्ती नको. आठ तास भट्टीजवळ राहून त्यांच्या अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. त्यांनी निघण्याआधी पाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसावे. दुसऱ्या पाळीनंतर रात्री निघणाऱ्यांना मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा कंपनीने द्यावा, आणि बॅटरी बदलण्याचे काम सुरक्षारक्षकाकडे सोपवावे.