रेडिओ टॅग आणि पेसमेकर : रुग्णालयातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो, नांदेड-लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असोत की खासगी रुग्णालये, यंत्रसामग्री, औषधसाठा किंवा रक्ताच्या पिशव्या यांचा माग ठेवण्यासाठी रेडिओ टॅगची म्हणजे आरएफआयडीची (वस्तूला लावलेली, रेडिओ लहरींनी वाचली जाणारी खूणचिठ्ठी) चर्चा निघाली, की त्या लहरींचा पेसमेकर बसवलेल्या रुग्णांना त्रास होईल का, हा प्रश्न पुढे आलाच पाहिजे. मराठवाड्याच्या चार-पाच जिल्ह्यांतले हृदयरुग्ण याच शहरांत येतात, म्हणून तो आपल्यासाठी दूरचा नाही. त्याला सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मात्र देता येत नाही.

ही दोन्ही तंत्रे स्वतंत्रपणे वाढली. परावर्तित रेडिओ लहरींद्वारे संदेशवहनाची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये १९५८ साली आर्ने लार्सन यांना मिळाला. या दोन तंत्रांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. दुकानातील चोरी रोखणाऱ्या फाटकाजवळ आयसीडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारे उपकरण, बसवलेल्या एका रुग्णाला विनाकारण शॉक बसल्याची नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि डॉक्टर सावध झाले.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पेसमेकरची तार हृदयाचे अतिशय क्षीण विद्युत संकेत टिपते. टॅग वाचणाऱ्या यंत्राचे, म्हणजे रीडरचे, चुंबकीय क्षेत्र ठरावीक लयीत कमी-जास्त होत असेल, तर तारेत निर्माण होणारा विद्युतदाब उपकरणाला हृदयाचा ठोका वाटू शकतो. ठोका पडला असे समजून पेसमेकर आपला संकेत रोखतो. आयसीडीला तोच गोंधळ धोकादायक वेगाची धडधड भासू शकतो. उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी उपकरणातील फिल्टर बऱ्याच अंशी अडवतात, परंतु कमी फ्रिक्वेन्सीवर ते काम कठीण होते.

अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांवरील नियामक संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत हेच दिसले. १३४ किलोहर्ट्झच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, रीडरमुळे पेसमेकरच्या ६७ टक्के चाचण्यांत प्रतिक्रिया आढळली, तीही कमाल ६० सेंटिमीटर अंतरापर्यंत, १३.५६ मेगाहर्ट्झवर हे प्रमाण ६ टक्के होते, आणि ९१५ मेगाहर्ट्झवर एकही प्रतिक्रिया दिसली नाही. प्रत्यक्ष रुग्णाला इजा झाल्याची तक्रार तोपर्यंत एफडीएकडे आलेली नव्हती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

मग उच्च फ्रिक्वेन्सीचे रीडर रुग्णालयात निर्धास्तपणे लावावेत का? इथेच घाई नडते. जून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी, रुग्ण जोडलेला नसताना, आयसीयूतील ४१ उपकरणांवर १२३ चाचण्या केल्या. त्यांत ३४ वेळा बिघाड झाला व त्यांपैकी २२ प्रसंग धोकादायक ठरवण्यात आले : व्हेंटिलेटर बंद पडले, सिरिंज पंप थांबले, शरीराबाहेरील पेसमेकर गडबडले. त्यात अधिक उपद्रव ८६८ मेगाहर्ट्झच्या प्रणालीने केला, १२५ किलोहर्ट्झच्या प्रणालीने कमी. म्हणजे शरीरातील उपकरणाला जी फ्रिक्वेन्सी त्यातल्या त्यात निर्धोक, तीच खाटेशेजारच्या यंत्राला जाचक ठरू शकते. मला हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो, आणि माहितीपत्रकांत तो क्वचितच दिसतो.

भारतात आरएफआयडीसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. समृद्धी महामार्गावर जालन्याहून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा फास्टॅग याच पट्ट्यात वाचला जातो. तिथले अंतर व वेळ पाहता पेसमेकरधारकाने घाबरण्याचे कारण नाही. आयसीयूच्या दारात लावलेल्या रीडरचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण तो पंप आणि व्हेंटिलेटर यांच्या जवळ दिवसरात्र चालू राहतो. खरेदीच्या निविदेत म्हणूनच फ्रिक्वेन्सी, प्रक्षेपणाची शक्ती आणि रीडर बसवण्याची जागा स्पष्ट लिहून घेतली पाहिजे, आणि रुग्ण दाखल करण्याआधी त्या कक्षातील यंत्रांजवळ रीडर चालवून बायोमेडिकल विभागाने चाचणी केली पाहिजे.