सुतारकाम शिकलं की पुढची वाट बंद होते का?

‘आयटीआयला सुतारकाम घेतलं की पोरगा जन्मभर रंधाच मारणार’ असं आजही पालक सर्रास म्हणतात. हे खरं नाही, आणि या समजापायी चांगल्या हाताची मुलं या धंद्यापासून दूर राहतात, याचं वाईट वाटतं.

आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स एक वर्षाचा, आठवी पासवरही प्रवेश मिळतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. पुढे निदेशकाचं प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्ये शिकवण्याची वाटही मोकळी आहे.

पण खरी बढती साइटवर दिसते. शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा बांधणारा सुतार मुकादम होतो, मुकादमाचा फोरमन होतो. ही पायरी नुसत्या वर्षांच्या हिशेबाने चढता येत नाही. ड्रॉइंग वाचता यायला हवं, प्लायचा आणि टेकूंचा हिशेब जमायला हवा. आणि टेकू कधी काढायचे, हे ठाऊक हवं. साधं सिमेंट आणि आपल्याकडची हवा धरली, तर आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस. घाईत टेकू काढायला सांगणाऱ्या ठेकेदाराला जो हे कारणासकट समजावू शकतो, त्याच्याकडे माणसं सोपवली जातात.

अनुभव आहे पण कागद नाही, अशा कारागिरांसाठी पूर्वकौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा.