गाडी पुसायचा टॉवेल: मायक्रोफायबरची किंमत कुठे ठरते

मायक्रोफायबर टॉवेलच्या पाकिटावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक जीएसएम, म्हणजे कापड किती वजनदार आहे ते, दुसरा ८०/२० किंवा ७०/३०, म्हणजे त्यात पॉलिस्टर आणि नायलॉन शेकडा किती आहे ते. विकणारा जीएसएमवर भर देतो आणि घेणाराही तोच बघून पैसे मोजतो. टॉवेल चांगला की वाईट हे मात्र त्याच्या बऱ्याच आधी, तंतू तयार होतानाच ठरलेलं असतं. कमी पैशांत चांगला टॉवेल हवा असेल तर हा कपडा कसा घडत गेला ते माहीत असलेलं बरं.

हा कपडा दोन कृत्रिम धाग्यांचा आहे. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली तयार झालं. पॉलिस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी काढला. पुढे तोच टेरिलीन म्हणून आपल्याकडच्या शर्टांत आला. टेरिलीनचा शर्ट ज्यांनी उन्हाळ्यात घातला आहे त्यांना ठाऊक आहे की तो घाम टिपत नाही. हवेतली आर्द्रता कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के धरतो, नायलॉन साधारण चार टक्के, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. अशा धाग्याने काही पुसावं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

कलाटणी जपानमध्ये मिळाली. टोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी एका पॉलिमरच्या धाग्यात दुसऱ्या पॉलिमरचे असंख्य बारीक तंतू बसवले आणि नंतर बाहेरचं पॉलिमर विरघळवून टाकलं. मागे उरले ते तोवर कुणी काढले नव्हते इतके बारीक तंतू. १९७० साली त्यांतून कृत्रिम स्वेड, म्हणजे मऊ लवदार चामड्यासारखं कापड, बाजारात आलं. १९७२ मध्ये टोरेने इटलीतल्या एनी समूहाबरोबर अल्कांतारा ही कंपनी सुरू केली. तिचं कापड आज महागड्या गाड्यांच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर दिसतं.

पुसायच्या कपड्याचा जन्म १९८०च्या दशकातला. टोरे आणि कानेबो या जपानी कंपन्यांनी चष्मे आणि भिंगं पुसायची कापडं काढली. गाडीच्या टॉवेलसाठी जी पद्धत रूढ झाली तिच्यात पॉलिस्टर आणि नायलॉन एकाच छिद्रातून असे काढतात की धाग्याचा छेद संत्र्याच्या फोडींसारखा दिसतो. बहुतेक वेळा अशा सोळा फोडी असतात. कापड विणून झाल्यावर उष्णता, घर्षण आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने त्या एकमेकींपासून सोडवतात. मग गोल, गुळगुळीत धाग्याच्या जागी धारदार कडांचे तंतू उरतात. पाणी तंतूंच्या आत जात नाही. तंतूंमधल्या सूक्ष्म फटी ते केशाकर्षणाने ओढून घेतात, आणि धूळही त्याच फटींत शिरते. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. एक डेनिअरच्या खालचा तंतू तो मायक्रोफायबर. पुसायच्या कपड्यातले सुटलेले तंतू त्याहूनही कितीतरी बारीक असतात.

किंमत इथे ठरते. फोडी नीट सोडवायला वेळ लागतो, रसायनं लागतात आणि वजनात घटही येते. हे काम अर्धवट सोडलेला टॉवेल दुकानात हुबेहूब चांगल्यासारखाच मऊ लागतो, पण पाणी टिपायच्या ऐवजी पुढे ढकलतो. ओळखायचा उपाय सोपा आहे. काचेवर चमचाभर पाणी टाकून त्यावरून टॉवेल एकदाच, दाब न देता ओढावा. चांगला टॉवेल पाणी उचलतो. कोरड्या, खरखरीत तळव्यावरून फिरवल्यावर तो कातडीला किंचित अडकतोही. पुष्कळांना तो स्पर्श आवडत नाही, पण फोडी सुटल्याची ती खूण आहे.

नायलॉन पॉलिस्टरपेक्षा महाग पडतं. म्हणून स्वस्त टॉवेलमध्ये त्याचं प्रमाण कमी असतं, कधी कधी ते अजिबात नसतं. चाकं, दारांच्या कडा आणि इंजिनाचा भाग पुसायला निव्वळ पॉलिस्टरचा टॉवेल चालतो. रंगावर तो फिरवू नये. ७०/३० हे ८०/२० पेक्षा नेहमीच सरस असतं असं मात्र नाही. नीट सोडवलेला ८०/२० अर्धवट सोडवलेल्या ७०/३० ला सहज मागे टाकतो.

गाडीच्या रंगाचाही एक इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय टॉवेलची एवढी चिकित्सा कशाला हे पटत नाही. १९२०च्या दशकात ड्यूकोसारखे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे झटपट वाळणारे रंग, आले आणि गाडी रंगवायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. त्यानंतर पुष्कळ वर्षं रंगाचा थर आणि चमक एकच असायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमिअर पद्मिनीला पॉलिश मारलं की फडक्यावर तिचा रंग उतरायचा, तो याचमुळे. १९८०च्या दशकात रंगाच्या वर पारदर्शक थर द्यायची पद्धत जगभर पसरली. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. त्यावर पडलेला प्रत्येक बारीक ओरखडा प्रकाश फाकवतो. उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर दिसणारी गोल जाळी असते ती हीच. पॉलिश करून ती घालवता येते, पण दर वेळी त्या पातळ थरातला थोडा भाग कायमचा जातो.

जुनी साधनं या थरापुढे कमी पडली. शॅमॉय चामडं पाणी छान ओढायचं, पण सपाट असल्यामुळे राहिलेला धुळीचा कण रंगावरच घासला जायचा. सुती फडक्याचंही तेच. मायक्रोफायबरच्या लुपांमध्ये, म्हणजे कापडावर उभ्या राहणाऱ्या धाग्याच्या वेढ्यांमध्ये, कणाला वर, रंगापासून दूर सरकायला जागा मिळते. लूप ही कल्पना मात्र नवी नाही. १८५०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ख्रिस्टी कंपनीने तुर्कस्तानातल्या हातमागाच्या टॉवेलांवरून यंत्रावर लूप विणायला सुरुवात केली. आपला टर्किश टॉवेल तिथूनच आला आणि सोलापूरचे टेरी टॉवेलही याच जातकुळीतले.

पुढचा प्रवास झपाट्याचा होता. आधी युरोपातल्या घरांनी आणि रुग्णालयांनी हा कपडा उचलला, मग डिटेलिंगवाल्यांनी, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्यांनी. कोरियन गिरण्यांनी फोडी सोडवण्यात नाव कमावलं आणि आजही जाणकार कोरियन कापडाला चार पैसे जास्त देतात. चीनने प्रचंड प्रमाणात उत्पादन करून किंमत खाली आणली. १ जानेवारी २००५ पासून जागतिक वस्त्रव्यापारावरचे जुने कोटे, म्हणजे आयातीच्या मर्यादा, उठले, त्याचाही याला हातभार लागला. टॉवेल स्वस्त झाले, विक्रेते वाढले आणि जीएसएमची चढाओढ लागली.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे पाकिटावरचा दावा घरच्या वजनकाट्यावर तपासता येतो. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या टॉवेलचं ग्रॅममधलं वजन सव्वासहाने गुणावं. ८०० जीएसएमचा म्हणून घेतलेला टॉवेल १२८ ग्रॅम भरायला हवा. ८० ग्रॅमच भरला तर तो ५०० चा आहे. अशी तफावत ऑनलाइन बाजारात सर्रास आढळते आणि ती गिऱ्हाईकाची सरळ फसवणूक आहे. ऑनलाइन वस्तूच्या माहितीत वजन दिलेलं असेल तर हा हिशेब खरेदीआधीच करता येतो. त्यातही जास्त जीएसएम म्हणजे चांगला टॉवेल हे समीकरण खोटं आहे. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग पुसून काढायला ३०० ते ४०० चा, आखूड लुपांचा टॉवेल जाड टॉवेलपेक्षा चांगला, कारण जाड टॉवेल ओढला जातो आणि डाग मागे ठेवतो. काचेला पातळ, वॉफल विणीचा, म्हणजे चौकटी-चौकटींच्या विणीचा पुरतो. जाडी लागते ती धुतलेली गाडी कोरडी करताना.

म्हणून बजेट तुटपुंजं असेल तर पैसा गाडी कोरडी करायच्या एका मोठ्या टॉवेलवर आणि रंगावर फिरणाऱ्या दोन-तीन टॉवेलांवर घालावा. बाकीचे ठोक पॅकमधले चालतात. काठ बघून घ्यावेत, कारण टॉवेल मऊ असूनही काठाची नायलॉनची कडक शिलाई ओरखडे पाडते. अल्ट्रासॉनिक पद्धतीने, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनांनी कापलेला बिनशिलाईचा काठ रंगाला सुरक्षित. कंपनीचं लेबल कापून न टाकता उसवून काढावं, नाहीतर टोकं उरतात.

आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये रोज पहाटे एका बादलीत एकच फडकं बुडवून दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात. तिथे कितीही भारी टॉवेल दिला तरी पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीच्या रंगावर फिरणारच. अशा ठिकाणी रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुतलेली गाडी जास्त टिकते.

टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, सुताचा कचरा लुपांत अडकतो. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर तंतूंमधल्या फटी बुजवतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. कोमट पाणी, साधा द्रवरूप डिटर्जंट, सावलीत वाळवणं एवढं पुरे. जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून पुन्हा बॉनेटवर नेऊ नये. तो चाकांच्या ढिगात जातो, आणि चाकं पुसून काळा पडला की इंजिनाच्या.