विषाणूजन्य गॅस्ट्रोचे सर्वेक्षण (ठाणे व नवी मुंबई)

उलट्या-जुलाबांचे रुग्ण कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात आणि कोणत्या आठवड्यात वाढले याची सतत नोंद ठेवून साथीचा माग काढण्याची पद्धत. बोलीत अशा प्रत्येक दुखण्याला सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. त्यामागे रोटाव्हायरस असू शकतो, नोरोव्हायरस असू शकतो, नाहीतर विषाणू नसून एखादा जीवाणूच. सर्वेक्षणाची निम्मी अडचण या एका शब्दात आहे.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ मध्ये सुरू झाला. त्यात माहिती तीन फॉर्ममध्ये जाते : आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ भरते, डॉक्टर निदानावरून ‘पी’ आणि प्रयोगशाळा तपासणीनंतर ‘एल’. २०२१ पासून ही नोंद देशभर आयएचआयपी या ऑनलाइन प्रणालीवर होऊ लागली. विषाणूजन्य गॅस्ट्रोचा रुग्ण मात्र बहुधा ‘पी’मध्येच ‘तीव्र अतिसार’ म्हणून अडकतो. विषाणू कोणताही निघाला तरी जलसंजीवनी तीच, मग शौचाचा नमुना पाठवण्याची तसदी कोण घेणार? नोरोव्हायरसचा रुग्ण तर एक ते तीन दिवसांत बरा होतो. मेडिकलमधून ओआरएसची पाकिटे आणून घरीच पडून राहिलेला माणूस कुठल्याच वहीत येत नाही. म्हणून एकूण आकड्यापेक्षा त्याचा चढ-उतार वाचणे अधिक शहाणपणाचे.

पावसाळ्यात जुलाबांचे रुग्ण वाढले की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो रास्तच असतो. रोटाव्हायरसचा जोर मात्र भारतात मुख्यतः थंड, कोरड्या महिन्यांत दिसतो आणि झळ बसते ती दोन वर्षांखालील बाळांना. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत बालरुग्ण वाढले तर केवळ नळाकडे बोट दाखवून भागत नाही. या विषाणूची लस महाराष्ट्रात २०१९ पासून नियमित लसीकरणात आहे (सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात). त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना हे विसरल्यास आलेख फसवतो.

पाण्याच्या तपासणीचीही मर्यादा आहे. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, एवढेच कळते. विष्ठेच्या दूषणाची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जीवाणू न सापडणे ही विषाणू नसल्याची हमी नव्हे. नोरोव्हायरस क्लोरीनला त्यांच्यापेक्षा चिवट असतो. नवी मुंबई महापालिकेचे मुख्य पाणी मोरबे धरणातून येते, तर ठाण्यात ते अनेक स्रोतांतून. त्यामुळे ठाण्यात रुग्णांचा नकाशा प्रभागानुसार काढण्यापेक्षा जलवाहिनी, टँकर आणि सोसायटीची टाकी यांनुसार काढला तर अधिक काही हाती लागते.

सांडपाण्यातून विषाणू शोधण्याचा मार्गही आहे. मुंबईत पोलिओसाठी तो २००१ पासून वापरला जातो.

रुग्णाचा पत्ता हा या भागातला खास घोळ. दिव्यात राहणारा, नवी मुंबईत कामाला जाणारा आणि कळव्याच्या रुग्णालयात दाखल झालेला माणूस नेमका कोणत्या वस्तीचा मोजायचा? उपचाराचे ठिकाण धरले तर कळव्यात साथ दिसते आणि दिवा कोरा राहतो. राहण्याचा पत्ता नोंदवला तरी दूषित अन्न कामाच्या जागी खाल्ले असल्यास माग चुकतोच. म्हणून तपासणीस आलेला कर्मचारी आजारी पडण्याआधीच्या दोन दिवसांत कुठे काय खाल्ले-प्यायले, हेही विचारतो.