जुन्या नोंदींवर उद्याचे पाणी

धरण बांधायचे म्हटले की अभियंता आधी जुन्या नोंदी मागतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांचा पाऊस, नदीचा विसर्ग, मोठ्यात मोठा पूर, कडक दुष्काळाची वर्षे. त्यावरून भिंतीची उंची ठरते, सांडवा किती रुंद ठेवायचा ते ठरते, कालव्यात किती पाणी सोडता येईल तेही ठरते. या साऱ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: पाऊस वर्षागणिक कमीजास्त होईल, पण त्याची सरासरी आणि चढउतारांची मर्यादा तीच राहील. हवामान बदलाचा पाण्यावरचा परिणाम अभ्यासता अभ्यासता या गृहीतकावरचा विश्वास हळूहळू उडत गेला.

मोजमापाची परंपरा तशी जुनीच. १६७४ मध्ये पिएर पेरो यांनी फ्रान्समधल्या सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातला पाऊस आणि नदीतून वाहणारे पाणी यांचा ताळा घातला. नदीत येणारे पाणी पावसाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे भरले. म्हणजे नद्या वाहत्या ठेवायला पाऊस पुरून उरत होता. पुढे एडमंड हॅली यांनी बाष्पीभवन मोजले आणि जलचक्राचा जमाखर्च लागू लागला. हवामान मात्र त्यात स्थिरच धरलेले असे. १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांचे गणित मांडले, तरी पाण्याच्या नियोजनात त्याची दखल घेतली जायला पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

गृहीतक किती महागात पडते, हे कोलोरॅडो नदीने दाखवले. १९२२ च्या करारात अमेरिकेतल्या राज्यांनी तिचे पाणी वाटून घेतले: वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट) आणि खालच्या खोऱ्यालाही तेवढेच. हातातल्या नोंदी थोड्याच वर्षांच्या होत्या आणि नेमकी ती वर्षे भरपूर पावसाची होती. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी झाडांच्या खोडांतली वर्तुळे वाचून काही शतकांचा प्रवाह मांडला. दीर्घकालीन सरासरी सुमारे १ कोटी ३५ लाख एकर-फूट निघाली. वाटप तर दीड कोटींचे झालेले. लक्षात घ्या, यात मानवनिर्मित तापमानवाढीचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

तो आला संगणकातून. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या १९६९ च्या प्रतिरूपात, म्हणजे हवामानाच्या गणिती मॉडेलमध्ये, सगळ्या जमिनीवरची माती म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी मावणारी एक बादली होती. बादली भरली की वरचे पाणी वाहून गेले, असा हिशोब. हसू येईल इतके ढोबळ, पण काम त्याने चालले. १९७५ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट करून पाहिला, तेव्हा तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने चढले आणि जलचक्राचा वेगही वाढला. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे: तापमान १ अंशाने वाढले की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावते. जगाचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून जोरदार सरी आणखी जोरदार होतात आणि मधल्या उघडिपी लांबू शकतात.

अडचण होती ती मापाची. प्रतिरूपात पृथ्वीचे चौकोन पाडलेले, त्यातला एकेक शेकडो किलोमीटरचा आणि प्रश्न असायचा एखाद्या खोऱ्याचा. १९८२ मध्ये नेमेच आणि शाके यांनी उलट बाजूने सुरुवात केली: नदीचे प्रतिरूप घ्यायचे, पाऊस आणि तापमान थोडे-थोडे बदलायचे आणि काय होते ते पाहायचे. कोरड्या खोऱ्यांत पाऊस जेवढ्या टक्क्यांनी घटला, त्याच्या कितीतरी अधिक टक्क्यांनी नदीचा प्रवाह घटला. पाठोपाठ पीटर ग्लाइक यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यासाठी हवामानाची प्रतिरूपे आणि पाण्याचा ताळेबंद एकत्र जोडला. हिवाळ्यात प्रवाह वाढणार आणि उन्हाळ्यात आटणार, असा निष्कर्ष निघाला, कारण बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि साठलेला बर्फही लवकर वितळतो. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. वर्षाची बेरीज तीच राहिली, तरी पाणी अवेळी आले की धरणाचे वेळापत्रक कोलमडते.

१९८८ मध्ये आयपीसीसी ही हवामान बदलावरची आंतरसरकारी समिती स्थापन झाली आणि असे अभ्यास एकत्र तपासले जाऊ लागले. चुकाही झाल्या. २००७ च्या अहवालातला हिमालयाच्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा दावा २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. त्याआधी २००८ मध्ये मिली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जाहीरच करून टाकले होते की सरासरी आणि चढउतार तेच राहतील हे जुने गृहीतक आता मेले आहे.

दरम्यान २००२ मध्ये ग्रेस उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर उडताना खालच्या गुरुत्वाकर्षणातल्या फरकाने त्यांच्यातले अंतर किंचित बदलायचे, त्यावरून खालच्या पाण्याच्या वस्तुमानातला बदल कळायचा. वायव्य भारतात २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे त्यातून दिसले. त्या वर्षांत पाऊस मात्र सर्वसाधारणच होता. पाणी उपशाने गेले होते. तेव्हापासून अभ्यासकांना प्रत्येक खोऱ्यात हाच हिशोब सोडवावा लागतो आहे: घटलेल्या पाण्यातला हवामानाचा वाटा किती आणि पंपांचा किती.